मेहरानगड: जयपोलमधून वर, फतेहपोलमधून खाली

बडोद्याहून जोधपूरला जाणारी बहुतेक मंडळी मेहरानगडाला दोन तास देतात. जैसलमेरला जाता-येता गाडी गडाच्या दाराशी थांबते, लिफ्टने वर जाऊन हत्तीवरचे हौदे, पालख्या, तलवारी बघून होतात, निळ्या घरांवर एक फोटो निघतो आणि ड्रायव्हरचा फोन येतो. असा गड बघायला काही हरकत नाही, पण मग तो फोटोतही दिसतोच. हा लेख गडाला आख्खा दिवस द्यायला तयार असलेल्यांसाठी आहे. माझा आग्रह दोनच गोष्टींचा. एक, जयपोलने वर चढा आणि फतेहपोलने खाली उतरा (पोल म्हणजे दरवाजा). आल्या वाटेने परतू नका. दोन, जाण्याआधी अभयसिंह हे नाव लक्षात ठेवा. जोधपूरच्या या राजाशी आपल्या बडोद्याचा जुना आणि फारसा गोड नसलेला हिशेब आहे, आणि तो माहीत असला की गडावरच्या निम्म्या वस्तू वेगळ्या दिसायला लागतात.

आधी सावली

पहिला टप्पा जोधपूरचा नाही, सावली गावाचा. बडोद्याहून तासाभरात पोचता येतं. तिथल्या मोठ्या तळ्याकाठी दोन देवळं आहेत: एक पिलाजीराव गायकवाडांच्या स्मरणार्थ बांधलेलं, दुसरं दमाजीरावांच्या. रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं.

प्रकरण थोडक्यात असं. १७३० मध्ये दिल्लीच्या बादशहाने मारवाडच्या महाराजा अभयसिंहाला गुजरातचा सुभेदार नेमलं. आधीचा सुभेदार सरबुलंदखान जागा सोडायला तयार नव्हता, म्हणून अभयसिंह फौज घेऊन अहमदाबादवर आला आणि लढाई करून त्याने सुभा ताब्यात घेतला. पण गुजरातेत मराठे आधीच पाय रोवून बसले होते. बडोदं आणि डभोई पिलाजीरावांकडे होती. १७३१ मध्ये डभोईजवळच्या लढाईत बाजीरावाने सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, त्र्यंबकराव पडले. पिलाजीराव दाभाड्यांच्या बाजूने होते. ते जखमी झाले, त्यांचा एक मुलगा कामी आला, तरी गुजरातेतलं त्यांचं बळ टिकलं. समोरासमोर हा माणूस हटत नाही म्हटल्यावर १७३२ मध्ये डाकोरला, बोलणीच्या निमित्ताने आलेल्या अभयसिंहाच्या माणसांनी त्यांचा खून केला. पाठोपाठ बडोदंही अभयसिंहाने घेतलं. १७३४ मध्ये ते गायकवाडांनी परत मिळवलं आणि त्यानंतर १९४९ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं.

हे सगळं मुलांना गाडीत सांगा. गडावर सांगायला लागलात तर ती ऐकणार नाहीत, समोर तलवारी असतात.

कधी आणि कसं

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. बडोद्याच्या हिवाळ्यावर विसंबून नुसता पातळ स्वेटर नेला तर आठ वाजेपर्यंत कुडकुडाल आणि अकरानंतर तोच स्वेटर हातात घेऊन फिराल. एप्रिल ते जून जाऊ नका. दगडी गड दुपारी तापतो आणि बुरुजांवर सावली नसते. पावसाळ्यात मात्र जायला हरकत नाही. तिथे पाऊस कमीच, पण चार सरी पडून गेल्या की डोंगरावरचा खडक धुतला जातो आणि गर्दीही नसते.

दोन तारखांचा विचार वेगळा करा. एक नवरात्र. गडाच्या दक्षिण टोकाला चामुंडा मातेचं देऊळ आहे आणि त्या दिवसांत तिथे फार मोठी गर्दी लोटते. ३० सप्टेंबर २००८ ला, नवरात्रातच, देवळाच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. देवीच्या दर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. गड बघायचा असेल तर ते नऊ दिवस टाळा. दुसरी कोजागिरी. शरद पौर्णिमेच्या आसपास गडावर लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, २००७ पासून. लंगा आणि मांगणियार गायकांना चांदण्यात, गडाच्या चौकात ऐकायचं असेल तर याच दिवसांत जा. मात्र राहायची सोय बरीच आधी करून ठेवा.

रेल्वेने जायचं तर मुंबईहून जोधपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या बडोद्यावरून जातात. सूर्यनगरी एक्स्प्रेस ही त्यातली जुनी आणि सोयीची. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं. दिवसाचा प्रवास आवडत असेल तर साबरमतीहून जोधपूरला वंदे भारत आहे, २०२३ पासून. पण त्यासाठी आधी अहमदाबाद गाठावं लागतं आणि गडाचा एक दिवस प्रवासात जातो, म्हणून मी रात्रीच्याच गाडीच्या बाजूचा. स्वतःची गाडी असेल तर अहमदाबाद, पालनपूर, आबू रोड, सिरोही, पाली असा रस्ता आहे, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पाली ते जोधपूरच्या दरम्यान ओम बन्ना यांचं स्थान लागतं. तिथे काचेच्या पेटीत बुलेट मोटारसायकल ठेवलेली आहे, लोक तिला हार घालतात आणि पुढच्या प्रवासासाठी नवस बोलतात. दहा मिनिटं थांबा. ड्रायव्हर मराठी असला तरी तो थांबणारच.

मुक्कामाबद्दल एकच सांगतो: घंटाघर ते नवचौकिया या जुन्या शहराच्या पट्ट्यात राहा, गच्ची असलेल्या घरात. स्टेशनजवळची किंवा महामार्गावरची हॉटेलं स्वच्छ असतील, पण गडाशी त्यांचा संबंध नाही. गच्ची का, ते संध्याकाळी कळेल. आजी-आजोबा बरोबर असतील तर खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी विचारा. या जुन्या हवेल्यांचे जिने उंच, अरुंद आणि अंधारे असतात.

सकाळी आधी खडक

गड सकाळी नऊला उघडतो आणि पाचला बंद होतो. तुम्ही सातच्या सुमाराला तयार असाल तर रिक्षा करून थेट राव जोधा डेझर्ट रॉक पार्कला जा. ते गडाच्या पायथ्याशीच आहे, आणि बहुतेक प्रवासी ते वगळतात.

सुमारे ७२ हेक्टरचा हा उघडा खडकाळ भाग. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे सगळीकडे वेडी बाभूळ माजली होती. जोधपूरकर तिला बावळिया म्हणतात. गुजरातेत आपण तिला गांडो बावळ म्हणतो आणि कच्छच्या वाटेवर बघतच असतो. इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेलं हे झाड नुसतं वरून तोडलं की दुप्पट जोमाने फुटतं. २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली ते मुळासकट काढायचं काम सुरू झालं. मुळं खडकाच्या फटीत गेलेली. त्यासाठी मग खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे खांडवालिया बोलावले गेले. खडकावर हातोडा मारून, येणाऱ्या आवाजावरून खाली दगड कुठे मऊ आहे हे ही माणसं ओळखतात. त्यांनी मुळं काढली आणि त्याच खड्ड्यांत थोर, कुमट, गूंदी अशी वाळवंटाची मूळची झाडं लावली गेली. २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आत रंगांच्या खुणा केलेल्या पायवाटा आहेत. त्यातली जुन्या हाथी नहरच्या पात्रातून जाणारी वाट घ्या. हा पावसाचं पाणी गडाच्या तळ्यांकडे नेणारा, खडकात कोरून काढलेला कालवा.

मराठी माणसाला गड म्हणजे काळा कातळ, करवंदं आणि पाण्याचं टाकं. इथला खडक तांबूस-तपकिरी आहे. हाही ज्वालामुखीचाच, पण सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांचा. याला रायोलाइट म्हणतात. पावागड चढलेले बडोदेकर असाच खडक नकळत तुडवून आलेले असतात, कारण पावागडाच्या माथ्यावरही रायोलाइट आहे. चढाच्या बाबतीत मात्र पावागडाशी तुलना नाही. मेहरानगड शहरापासून जेमतेम १२२ मीटर उंच. घंटाघरापासून गल्ल्यांतून पायी चढलात तरी वीस-पंचवीस मिनिटांत जयपोलला पोचता.

उद्यानातून बाहेर पडलं की रस्त्याच्या बाजूला जसवंत थडा दिसतो. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ त्यांचे पुत्र सरदारसिंह यांनी १८९९ मध्ये बांधलेली पांढऱ्या संगमरवराची वास्तू. देखणी आहे, अर्धा तास पुरतो. ऊन कोवळं असताना बघून टाका.

जयपोल ते लोहापोल: इथे घाई नको

तिकीट जयपोलपाशी मिळतं. भारतीयांचा आणि परदेशी पाहुण्यांचा दर वेगळा आहे आणि विद्यार्थी, ज्येष्ठ यांना सवलत असते. ओळखपत्रं वरच्या खिशात ठेवा. ऑडिओ गाइड जरूर घ्या, हिंदीतला. भारतात ऐकायला मिळणाऱ्या ध्वनी-मार्गदर्शकांत तो उत्तम म्हणावा असा आहे. माणूस गाइड करायचा असेल तर तिथल्याच अधिकृत गाइडशी आधी भाव आणि वेळ दोन्ही ठरवा. माझा अनुभव असा, की गाइड बायकांना शीशमहालाच्या आणि पुरुषांना तलवारींच्या गोष्टी सांगतो आणि दरवाजांपाशी कोणालाच काही सांगत नाही.

गडावरचं खरं वाचण्यासारखं तर या दरवाजांपाशीच आहे. गुडघे धड असतील तर लिफ्ट घेऊ नका. गुडघ्यांची तक्रार असेल तर लिफ्टने वर जा आणि उतरताना हे दरवाजे उलट्या क्रमाने बघा. उतार आहे, पण फरसबंदी घासून गुळगुळीत झालेली आहे. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

जयपोल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, महाराजा मानसिंहांनी जयपूर आणि बिकानेरवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. त्या भांडणाच्या मुळाशी उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी होती. तिच्याशी लग्न कोणाचं व्हावं यावरून जोधपूर आणि जयपूर एकमेकांवर उठले, त्यात पेंढारी अमीरखान आणि दौलतराव शिंदे यांनीही आपापले हात धुऊन घेतले, आणि शेवटी १८१० मध्ये त्या कोवळ्या मुलीला विष घ्यावं लागलं. पुढच्या डेढ कांगरा पोलवर जयपूरच्या वेढ्यातल्या तोफगोळ्यांचे वण आजही दिसतात. त्याच वेढ्यात पडलेल्या किरतसिंह सोढा या शिपायाची छत्रीही वाटेत लागते. विजयाचा दरवाजा आणि माराचे वण इतके जवळजवळ आहेत, हे मला जयपोलपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

चढावर पुढे राजाराम मेघवाळ यांचं नाव दिसेल. तिथे थांबा. सांगतात ते असं: राव जोधाने १४५९ मध्ये मंडोरची राजधानी सोडून या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इथे चिडियानाथ नावाचे जोगी राहत होते. त्यांना उठवलं म्हणून त्यांनी पाण्याच्या दुष्काळाचा शाप दिला. शाप उतरावा म्हणून पायात एक जिवंत माणूस गाडायचा ठरला आणि राजाराम मेघवाळ स्वतःहून पुढे आला. बदल्यात त्याच्या घराण्याला जमीन मिळाली. शापाचं खरंखोटं जाऊ द्या. असा ‘स्वतःहून’ पुढे येणारा माणूस दलित मेघवाळ समाजाचाच असतो, राजाचा चुलतभाऊ नसतो, हे मुलांना नक्की दाखवून द्या. राव जोधाची राणी जसमादे हाडी हिने त्याच सुमारास पायथ्याला राणीसर तलाव बांधवला. पाण्याचा प्रश्न सुटला असेल तर तो त्या तलावाने.

मग लोहापोल. आपल्या गडांच्या महादरवाजाची युक्ती इथेही आहे: चढून येणाऱ्या वाटेला दाराच्या तोंडाशी एकदम काटकोनात वळवलेलं, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक देता येत नाही, आणि दारावर टोकदार खिळे. पण लोहापोलपाशी लोक थांबतात ते भिंतीतल्या हातांसाठी. सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे दगडात कोरलेले आहेत, छोटे छोटे, शेंदूर-वर्ख लावलेले. सगळ्यात शेवटचे १८४३ चे, मानसिंहांच्या निधनानंतरचे. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा १८२९ चा, पण तो कंपनीच्या मुलखापुरता होता. जोधपूरसारख्या संस्थानाला लागू नव्हता. काही जण त्या हातांना नमस्कार करतात, काही सेल्फी घेतात. मी दोन्ही करत नाही. तळव्यांचा आकार बघा म्हणजे पुरे. काही लहान मुलींचे असावेत इतके बारीक आहेत.

महालात: गुजरातचं सोनं

सूरजपोलमधून आत गेलं की संग्रहालय सुरू होतं. १९७२ मध्ये महाराजा गजसिंह यांनी न्यास करून गड त्याच्याकडे सोपवला, आणि गडाची निगा बघताना त्याचा फायदा पावलोपावली जाणवतो. वस्तूंवरच्या पाट्या वाचता येतात, दालनांत उजेड आहे, स्वच्छतागृहं आहेत. किमान तीन तास धरा.

पहिला शृंगार चौक, पांढऱ्या संगमरवराच्या राज्याभिषेकाच्या आसनासह. राव जोधानंतरच्या राजांचे अभिषेक इथे होत आले. वर मान करून जाळ्या बघा. वाळूचा दगड इतका बारीक कातलेला, की भिंत आहे की पडदा असा प्रश्न पडावा. राण्या यांच्याआडून खालचे समारंभ बघत.

हौद्यांच्या दालनात चांदीचा तो हौदा आहे जो शाहजहानने पहिल्या जसवंतसिंहांना दिला. त्याच्यापाशी गर्दी असते. तुम्ही पुढे पालख्यांकडे चला आणि महाडोल शोधा. सोन्याने मढवलेली, काचा बसवलेली, घुमटदार मोठी पालखी. ही १७३० मध्ये अभयसिंहाने अहमदाबादहून लूट म्हणून आणली. इथून आपला हिशेब सुरू होतो.

वर फूलमहाल. मेहरानगडाचं सगळ्यात श्रीमंत दालन, अभयसिंहाने बांधलेलं. त्याची कारकीर्द १७२४ ते १७४९. छताला सोन्याचा मुलामा, रंगीत काचा, नृत्य-गाण्यासाठीची बैठक. हे सोनं सरबुलंदखानाला हरवल्यावर अहमदाबादहून आलेलं, असं खुद्द गडावरच सांगतात. म्हणजे सुभेदारीच्या नावाखाली गुजरातेतून गोळा झालेला पैसा आणि डाकोरचा खून या दोन्ही गोष्टी याच माणसाच्या काळातल्या. खोली सुंदर आहे यात वाद नाही. पण बडोद्याच्या माणसाने हे सोनं बघताना जरा भुवई उंचावली तर ती त्याला शोभते.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. याच महाराजाच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवं म्हणून १७३० मध्ये त्याच्या दिवाणाची माणसं खेजडली गावात शमीची झाडं तोडायला गेली. तिथली खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो तीच शमी. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि तिच्यासह ३६३ बिश्नोई मारले गेले. खेजडलीला कसं जायचं ते पुढे सांगतो.

मोतीमहाल जुना, सवाई राजा सूरसिंहांच्या काळातला, १५९५ ते १६१९. शिंपल्यांची पूड घातलेल्या चुन्याच्या भिंती मोत्यासारख्या चमकतात. भिंतीत पाच कोनाडे दिसतील. त्यांच्यामागे छुपे सज्जे आहेत, तिथून राण्या दरबारातलं बोलणं ऐकत. तख्तविलास हे तख्तसिंहांचं शयनगृह, आणि मला त्याच्या विक्षिप्तपणामुळे फार आवडतं: भिंतींवर ढोला-मारू या लोककथेतल्या जोडप्यापासून देवादिकांपर्यंतची चित्रं आणि छताला नाताळच्या झाडाला टांगतात तसे रंगीत काचगोळे. तख्तसिंह १८४३ मध्ये दत्तक होऊन गादीवर आले ते अहमदनगरहून. आपलं नगर नव्हे. साबरकांठ्यातलं हिंमतनगर, त्याचं तेव्हाचं नाव अहमदनगर. थोडक्यात, ज्या गडावर गुजरातची लूट गेली त्या गडाचा धनी पुढे गुजरातहूनच आणावा लागला. (ग्वाल्हेरकर बरोबर असतील तर त्यांना जयाप्पा शिंदे आठवतील. १७५५ मध्ये नागौरच्या वेढ्यात जयाप्पांचा खून झाला तोही असाच वकील म्हणून आलेल्यांच्या हातून, अभयसिंहाच्या पुतण्याच्या, विजयसिंहाच्या काळात.)

शस्त्रं, पगड्या, चित्रं, पाळणे आपापल्या आवडीने बघा. फक्त चित्रांच्या दालनात मानसिंहांच्या काळातली नाथपंथी चित्रं असतील तर चुकवू नका. आख्खाच्या आख्खा कागद सोनेरी रंगाने भरून त्यात एकच योगी बसलेला, अशी चित्रं दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाहीत.

तट, तोफा, चामुंडा

महालांतून बाहेर आलात की एक वाजलेला असेल. आधी खाऊन घ्या. गडावरच उपाहारगृह आहे. घरून आणलेले खाखरे-थेपले असतील तर ते महालांच्या आवारात न काढता बाहेरच्या ओट्यावर काढा.

मग दक्षिणेच्या तटाकडे. तोफा मांडलेल्या आहेत, त्यात किलकिला नावाची जुनी तोफही आहे. इथून शहर पायाखाली दिसतं. दुपारच्या पांढऱ्या उन्हात निळा रंग उडाल्यासारखा दिसतो. फोटो हवा असेल तर साडेतीननंतर परत या. आणि पोस्टरवर दिसतं तितकं शहर आता निळं राहिलेलं नाही, हेही आधीच सांगतो. निळी घरं दाट आहेत ती गडाच्या कुशीतल्या ब्रह्मपुरीत. बाकी ठिकाणी वाळूच्या दगडाचा पिवळा आणि सिमेंटचा राखाडी. निळ्याची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो: ब्राह्मणांची घरं ओळखू यावीत म्हणून, घर थंड राहावं म्हणून, चुन्यात मोरचूद मिसळला की वाळवी लागत नाही म्हणून. तिन्ही ऐकून घ्या.

दूर आग्नेयेला टेकडीवरचा प्रचंड घुमट उमेद भवन पॅलेसचा. १९२९ ला काम सुरू, १९४३ ला पूर्ण. दुष्काळात लोकांना रोजगार मिळावा हा त्यामागचा एक हेतू. लक्ष्मीविलास बघत मोठे झालेल्यांना राजवाड्याचं अप्रूप नसतं, त्यामुळे उमेद भवनाच्या आत जायला वेळ घालवू नका असं माझं मत. घरातल्यांनी हट्ट धरला तर दुसऱ्या दिवशी.

चामुंडा ही मूळची मंडोरची. राव जोधाने तिची मूर्ती १४६० मध्ये इथे आणली. १९६५ च्या युद्धात जोधपूरवर बॉम्ब पडले तेव्हा देवीनेच शहर राखलं अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. दर्शनाची वाट अरुंद आहे, उतरताना कठड्याच्या बाजूने चाला.

उन्हं उतरेपर्यंतचा वेळ चोकेलाव बागेत काढा. महालांच्या खाली, तटाच्या आत असलेली अठराव्या शतकातली ही बाग न्यासाने पुन्हा उभी केली आहे. डाळिंबं, चाफा, मोगरा. इथून वर पाहिलं की भिंतींची उंची पहिल्यांदा खरी कळते. काही ठिकाणी ती ३६ मीटर आहे, म्हणजे बारा मजली इमारतीएवढी.

फतेहपोलमधून खाली

साडेचारला उतरायला लागा. जयपोलकडे वळू नका, तिकडे रिक्षावाले वाट बघत असतात आणि ते तुम्हाला सरळ हॉटेलवर नेतात. फतेहपोल गडाच्या दुसऱ्या अंगाला उघडतो. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, अजितसिंहांनी मोगलांकडून जोधपूर परत घेतलं त्याची ही खूण. अजितसिंह म्हणजे अभयसिंहाचे वडील. १७२४ मध्ये त्यांचा खून झाला तो त्यांच्या धाकट्या मुलाने, बखतसिंहाने केला, आणि अभयसिंहाचा त्यात हात होता असं मानतात. डाकोरचं मग फार आश्चर्य वाटत नाही.

दाराबाहेर पडलं की तुम्ही थेट ब्रह्मपुरी-नवचौकियाच्या गल्ल्यांत. इथे नकाशा बंद करा. उतार लागेल तिकडे चालत राहिलात की शहराच्या मध्यात पोचता. ही लोकांची घरं आहेत. दारात बसलेल्या आजीबाईंना आधी ‘खम्मा घणी’ म्हणा, मग फोटोसाठी विचारा. पोर्‍यासोर्‍यांच्या मागे लागून ‘खास निळी गच्ची’ बघायला जाऊ नका, वर गेल्यावर पैसे मागतात.

उतरता उतरता तूरजीचा झालरा गाठा. अभयसिंहाच्या राणीने १७४० च्या दशकात बांधलेली ही पायऱ्यांची विहीर, लाल दगडाची. बरीच वर्षं कचऱ्याने बुजलेली होती, आता स्वच्छ केली आहे. संध्याकाळी स्थानिक मुलं वरून सूर मारत असतात. अभयसिंहाच्या काळातली कुठलीही तक्रार न करता बघता येईल अशी ही एकमेव जागा असावी.

तिथून घंटाघर पायी पाच मिनिटं. मिश्रीलालकडची मखनिया लस्सी घट्ट असते, चमच्याने खावी लागते. दोघांत एक पुरते. मिरचीवडा गरम असतानाच खा. मग अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या गच्चीवर पोचा, कारण गड पाचला बंद झाला तरी त्याच्यावरचा उजेड खालूनच बघायचा असतो, आणि नंतर दिवे लागतात.

हातात आणखी एक दिवस असेल तर

खेजडली जोधपूरच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे. अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला ‘बिश्नोई सफारी’ नको, फक्त खेजडली असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो कुंभार, विणकर, अफूची मनुहार (पाहुण्याला अफू देण्याची रीत) अशा ठरलेल्या थांब्यांवर फिरवतो आणि प्रत्येक ठिकाणी खरेदी होते. खेजडलीत स्मारक आहे, शमीची झाडं आहेत, चिंकारा आणि मोर बिनधास्त फिरतात. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर मंडोरला जा. शहराच्या उत्तरेला नऊ किलोमीटरवर, मारवाडच्या जुन्या राजधानीत, राजांच्या छत्र्या आहेत, आकाराने देवळांएवढ्या.

परतीची गाडी संध्याकाळची असेल तर सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवून शेवटची खरेदी करता येते. घरी न्यायला मावा कचोरी घ्या, पाक वेगळा बांधून मागा. तशी ती दुसऱ्या दिवशीही चांगली राहते. प्याज कचोरी मात्र गाडीत बसण्याआधीच संपवा, ती सकाळपर्यंत टिकत नाही.